घंटा झाली की उठायचं

"मी तुमचं मांजर मारलं," फिलोताई म्हणाली.

"असं सांगतात? पाव संपला सांगावं तसं?"

"जासू, तू शेजारी आहेस. चिडलेला शेजारी. तसं बोल."

"तसंच बोलतोय! माझं मांजर तुझ्या गाडीखाली गेलंय आणि तू दात काढतेयस!"

"दात नाही काढत. सहानुभूती दाखवतेय."

"मांजर मेल्यावर दात दाखवून सहानुभूती? मी खरा शेजारी असतो ना, तुझी गाडी फोडली असती."

आई पिठाचं भांडं घेऊन मध्येच घुसली. "या घरात कुणाचं मांजर मेलेलं नाही. कारण मी कुणाला पाळूच दिलं नाही. टेबल सोडा, मला पाव मळायचाय."

अख्खा महिना आमच्याकडे हेच चाललेलं. ताई कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिला डॉक्टर व्हायचंय; इथे आधी कॉलेज पुरं करायचं, मग मेडिकल. उन्हाळ्यात मेडिकलची मोठी प्रवेशपरीक्षा दिली, मार्क चांगले पडले. दवाखान्यात डॉक्टरांच्या मागे उभी राहून झालं, 'मला डॉक्टर का व्हायचंय' हे वीस वेळा लिहून, खोडून झालं. मग मेडिकलच्या कॉलेजांना अर्ज धाडले. बहुतेकांनी नाही म्हणून कळवलं, काहींनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. एकाच ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं. ते हुकलं की पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सगळं.

आणि मुलाखत कसली, तर दारांची. खरंच. लांबच लांब बोळ, ओळीने बंद दारं, प्रत्येक दारावर एक कागद. उभ्याउभ्या वाचायचा आणि आत जायचं. आत एक अनोळखी माणूस असतो आणि तो नाटक करतो. रडतो, ओरडतो, किंवा नुसता बसून राहतो. त्याच्याशी बोलायचं. कोपऱ्यात दुसरा कुणीतरी मार्क देत असतो. घंटा झाली की उठायचं, शब्द तोंडात अर्धा असला तरी. मग पुढचं दार.

आधी मला वाटलं ही थापा मारतेय. मग माझ्या डोक्यातून ते जाईचना. मी कामाला जातो त्या टायरच्या दुकानात चाकं खोलता खोलता तेच. ही माणसं कोण असतात? सकाळी उठून घरी काय सांगून निघतात, आज रडायची ड्युटी आहे? दिवसभर एकच रडणं रडताना मधेच हसू आलं तर?

"मला घेतील का गं त्या कामाला?" मी विचारलं.

"तुला फक्त ओरडणाऱ्या माणसाचं काम देतील."

सरावासाठी दार म्हणजे आमच्या बाथरूमचं. ताई त्याच्यावर कागद चिकटवायची, मी आत बसायचो. आईचं ओव्हनचं टायमर म्हणजे घंटा. दोनचार दिवसांत माझ्या लक्षात आलं की माझं बोलणं संपायच्या आधी हिचं उत्तर सुरू होतं. एक डोळा माझ्यावर, एक टायमरवर. आणि दर वेळी तेच, "तुम्हाला काय वाटतंय ते मला समजतं."

"काय वाटतंय मला? सांग बरं," मी एकदा अडवलंच.

ती टायमरकडे बघायला लागली.

"मग विचार की! एवढी बडबडतेस, कधी काही विचारलंस?"

"विचारत बसले तर वेळ जातो, शहाण्या."

बुधवारी दारावर कागद होता : 'सतरा वर्षांच्या मुलाने शाळा सोडली आहे. का, ते जाणून घ्या.'

मी तो टराटरा फाडला. "हे कुठून आणलंस?"

"असलीच दारं असतात."

"असली नसतात! हे माझं आहे!"

"नको तर नको. मांजर घेऊया."

पण मी आत गेलो आणि टबाच्या काठावर बसलो. का ते मला विचारू नका. ताई आली, कमोडचं झाकण पाडून त्याच्यावर बसली, पाठ ताठ केली. "शिक्षणाचं आयुष्यात काय महत्त्व—"

"बाहेर हो."

ती मुकाट बाहेर गेली. टकटक करून परत आली. पुन्हा झाकणावर बसली. या वेळी पाठ वाकलेली होती.

"शाळा का सोडलीस?"

आणि गप्प. मी नळाकडे बघत बसलो. मला वाटलं आता बोलेल, आता बोलेल. नाही बोलली.

"खरं सांगू?" मी म्हणालो. "शाळेत एकदा एक बेडूक—"

टायमर वाजलं.

ताई उठली. "धन्यवाद," म्हणाली आणि गेली. दार ओढून घेतलं! बाहेरून आवाज आला, "आई, जमलं! मी गप्प बसले!"

मी साबण दारावर फेकून मारला.

शनिवारी मुलाखत होती, तोपर्यंत तिच्याशी बोललो नाही. पण गाडी मीच चालवली, कारण ती शेवटपर्यंत कागद चाळत होती. ती आत गेल्यावर मी पार्किंगमध्ये आईचा गोड पाव खात बसलो. बाजूच्या गाडीतून एक बाई उतरली. चांगली हसतखेळत फोनवर बोलत होती. फोन ठेवला, काचेत बघितलं, डोळे चोळचोळून लाल केले, केस विस्कटले आणि मागच्या दाराने आत. मला तिच्या मागे पळावंसं वाटत होतं.

ताई बाहेर येऊन गाडीत बसली तशी मी विचारलं, "दारांमागे काय होतं?"

"सांगता येत नाही. सही घेतात तशी."

"मलापण नाही?"

"तुलापण नाही."

डोकंच फिरलं माझं. महिनाभर मांजर मारून घ्यायला मी! "लाल डोळ्यांची बाई होती?"

ती खिडकीतून बाहेर बघायला लागली.

"बरं, जमलं का तेवढं तरी सांग."

"माहीत नाही रे. एका ठिकाणी माझं सगळं बोलणं राहूनच गेलं. मी विचारत बसले, तो सांगत बसला, घंटा झाली."

म्हणजे काय समजायचं? मी गाडी काढली. घरच्या वाटेवरचा ब्रागा पूल आला, खाली नदी दिसायला लागली, तेव्हा ती म्हणाली, "बेडकाचं काय?"

"कुठला बेडूक?"

"'शाळेत एकदा एक बेडूक' म्हणालास आणि टायमर वाजलं."

"आणि तू उठून गेलीस!"

"तिथे उठावं लागतं. घरी नव्हतं उठायचं. चुकलं माझं. आता सांग की, तोंड काय फुगवतोस."

मग सांगितलं. जीवशास्त्राच्या तासाला बेडूक कापायला दिलेले, औषधाच्या वासाचे. माझ्या बेडकाच्या पोटात अख्खा भुंगा निघाला. पाय, मिशा, सगळं जागच्या जागी. मी सरांना विचारलं, आधी कोण मेलं? बेडूक की भुंगा? सर म्हणाले, घंटा झाली, ट्रे धुऊन ठेव. मी म्हटलं, थांबा ना, बघू तरी. तर त्यांनी उचलून कचऱ्यात टाकला. मग मी ट्रे फेकला. मग शाळेने घरी बसवलं काही दिवस, आणि मग मी गेलोच नाही. कशाला जायचं? काही बघायला लागलो की घंटा.

"अरे, बेडूक किडा अख्खाच गिळतो, चावत नाही, त्यामुळे—" ताईने सुरुवात केली आणि स्वतःच थांबली. पूल संपेपर्यंत थांबली. "तुला काय वाटतं? कोण आधी?"

"भुंगा आत थोडा वेळ जिवंत असणार. त्याचे पाय पसरलेले होते."

"पसरलेले? कुठल्या बाजूला?"

ते मला आठवेना. खूप आठवून बघितलं.

ताईच्या मेडिकल कॉलेजचं पत्र अजून आलेलं नाही. आई पोस्टमन दिसला की पाव तसाच सोडून धावते. पण ताईने तिच्या प्राध्यापकबाईंना विचारून ठेवलंय. त्यांच्या लॅबमध्ये एक बरणी भरून कापायचे बेडूक आहेत, आज दुपारी लॅब रिकामी आहे आणि बाई म्हणाल्या, हवा तेवढा वेळ बसा. सगळ्यांच्या पोटात भुंगा असेलच असं नाही. खाली ताई हॉर्न वाजवतेय, थांबतच नाहीये. मला निघायला हवं.