एक गाठ, एक बटण

"पळाली! कुणी हात लावला नाही आणि गाडी पळाली!"

किराणा दुकानवाले काका ओरडले, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने बसलेले शेजारी माना उंचावून बघू लागले. टीव्हीवर माझ्या धाकट्या भावाच्या जुन्या गेमची मोटार भरधाव निघाली होती. वळणंसुद्धा घेत होती. कंट्रोलर कपाटावर पडलेला, आणि धाकट्याला जाऊन आठ महिने झालेले. चित्र मात्र काळंपांढरं होतं.

"रंग गेले बिचाऱ्याचे," टीव्हीच्या टेबलाला चिकटून बसलेला पडदेबाबा म्हणाला. (हे नाव मी ठेवलेलं. बाकीचे त्याला अदबीने नुसतं बाबा म्हणत.) "वर गेलं की आधी रंग सुटतात. पण ऐकू येतं हो त्याला! एकदा पडदा विझला तर हो, दोनदा विझला तर नाही."

टेबलावरून जमिनीपर्यंत एक जाड कापड सोडलेलं होतं, कारण म्हणे आत्म्याला संकोच वाटतो. बाबाचा एक पाय कायम त्या कापडाआड असे. संकोच बहुधा पायालाही वाटत असावा.

"बाळा, तुझी बहीण हॉस्पिटलात उशिरा पोचली, म्हणून तू गेलास ना?"

पडदा एकदा विझला आणि परत उजळला. सगळ्यांनी वळून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. आईने पाहिलं नाही. तिने तोंड फिरवलं.

मग निकाल आला. बहिणीने पुढच्या रविवारी घर सोडायचं, नाहीतर मुलगा कायमचा पडद्यात अडकेल. रिकामी होणारी माझी खोली बाबाच्या साधनेला. मेलेल्या भावाला माझ्याविरुद्ध साक्षीला उभं केलं होतं त्या माणसाने. मी त्याला सोडणार नव्हते.

मी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करते. गाडी आपोआप का पळते हे मला ठाऊक होतं. तो गेम पाच मिनिटं कुणी खेळलं नाही की स्वतःच नमुना म्हणून शर्यत दाखवतो. रंगांबद्दलही शंका होती, पण बाबाने मला टीव्हीजवळ फिरकायला बंदी केली होती. बुधवारी आई शिवलेले कपडे पोचवायला बाहेर पडली, तेव्हा मी ते कापड उचललं.

धाकट्याला लाल, हिरवा, पिवळा यांतला फरक कळत नसे. गेमच्या तीन रंगांच्या तीन पिना टीव्हीला कुठे लावायच्या, याचा रोज घोळ. मग शिवणकाम करणाऱ्या आईने तोड काढली. पिवळ्या तारेला दोऱ्याची एक गाठ, पांढरीला दोन, लालला तीन. टीव्हीच्या मागे भोकांशेजारी तशीच एक, दोन, तीन बटणं चिकटवली. त्यानंतर तो न बघता, नुसत्या बोटांनी तारा जोडायचा.

आता गाठी नव्हत्या. "यांच्यात जीव गुंतलाय" म्हणत बाबाने पहिल्याच दिवशी त्या आईच्याच कात्रीने कापल्या होत्या, आणि पिवळी पिन हिरव्या भोकात खुपसली होती. ते भोक वेगळ्या तारेसाठी असतं. तिथे या तारेतला नुसता उजेड-अंधार पोचतो, रंग पोचत नाहीत. कात्री तारेलाही लागून ती आतून अर्धवट तुटली होती. तारेचा सैल फास टेबलाखाली लोंबत होता, नेमका पायाचा अंगठा अडकवण्याच्या उंचीवर. हलकेच ओढलं की चित्र गायब, सोडलं की हजर!

आईला त्याच संध्याकाळी सांगता आलं असतं. पण मला सूड हवा होता, आणि तो भरल्या खोलीत हवा होता. मी कापड जसंच्या तसं सोडलं.

रविवारी मी बॅग घेऊनच बाहेर आले.

"जाते मी," मी म्हटलं. "पण एकदा त्याच्याजवळ बसून बोलू द्या."

"आत्मा परक्याला ओळख देत नाही," बाबा घाईघाईने म्हणाला.

"ती परकी नाही. बसू द्या तिला," आई म्हणाली.

बाबाला उठावं लागलं. मी त्याच्या जागी बसले, पाय कापडाआड सरकवला आणि अंगठ्यात फास अडकवला. माझ्याविषयी मी काहीच विचारलं नाही. मेलेल्याच्या नावावर स्वतःची खोटी सुटका मला नको होती.

"धाकट्या, तुझ्या गाठी या माणसाने कापल्या ना?"

पडदा एकदा विझला.

"हा लबाड आहे?"

पुन्हा एकदा विझला. काकांनी आ वासला.

"याला माझी खोली हवी आहे?"

"खोटं आहे!" बाबा ओरडला. "ती पायाने ओढतेय!"

सगळ्यांच्या माना बाबाकडे वळल्या.

"पायाने?" मी शांतपणे विचारलं. "पायाने काय ओढतात, बाबा? मी तर पायाचं नावही काढलं नव्हतं."

बाबाची पाचावर धारण बसली. मी कापड ओढून काढलं. काकांनी स्वतः तार ओढून पाहिली, मग शेजारच्या नर्सबाईंनी, मग रांगच लागली. ज्याने त्याने 'हो' आणि 'नाही' काढून पाहिलं. दाराकडे सटकणाऱ्या बाबाला काकांनी दंडाला धरून पहिल्या रांगेत बसवलं. "आता शेवटपर्यंत बघ," ते म्हणाले. तो घामाघूम झाला होता, आणि मला मनापासून बरं वाटलं. ते मी लपवणार नाही.

मग मी पिवळी पिन काढून एकच बटण चिकटवलेल्या भोकात लावली आणि रिमोटवर त्या भोकाचं चित्र निवडलं. धाकट्याची गाडी लालभडक झाली.

आई उठली. तिने शिवणाच्या डब्यातून दोरा आणला, कापलेल्या तारेपाशी बसली आणि एक गाठ मारली.

"उशीर तू केला नाहीस," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तुला फोनच मी उशिरा केला. थोडा ताप आहे, उतरेल, असं मला वाटलं. याने तुझं नाव घेतलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं."

बाबाची करामत एवढीच होती. आईच्या मनातली जखम त्याने हेरली, बाकी सगळं अंगठ्याने केलं. म्हणून सांगते, कुणी तुमच्या गेलेल्या माणसाच्या तोंडून बोलू लागला, तर आधी त्याला जागेवरून उठवा आणि टेबलाखाली बघा. रडायचंच असेल तर त्यानंतर घरच्यांजवळ रडा.

मी आईच्या शेजारी बसले. पांढऱ्या तारेच्या दोन गाठी मी मारल्या.