पाणी जायची वाट

मित्रांनो, मी एक जुना आईस्क्रीमचा पॉट आहे. हसू नका, कारण आईस्क्रीम फ्रीजमध्येच जन्माला येतं असं समजणाऱ्या मुलांशीच मला बोलायचं आहे. बाहेरून मी सागवानी बादली, आत पितळेचा उंच डबा, डब्यात लाकडी पंखा आणि डोक्यावर दातेरी चाकं. बादली आणि डबा यांच्यामधल्या जागेत बर्फ आणि जाडं मीठ भरायचं आणि दांडा फिरवत राहायचं. पाऊण तासात आतलं दूध घट्ट होतं. पोटात एवढा बर्फ असूनही माझा स्वभाव मात्र तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मला एका सुताराने घडवलं, पण मी नावारूपाला आलो तो पंचवटीत, सोमाभाऊंच्या दुकानात. ते खुर्च्या, सतरंज्या आणि पातेली भाड्याने द्यायचे, आणि आम्ही सहा पॉट. नव्वदनंतरची ती सात-आठ वर्षं काय सांगू! मे महिन्यात आमच्यासाठी आठ-आठ दिवस आधी नाव नोंदवावं लागे. आज सिडकोत वाढदिवस, उद्या नाशिकरोडला कुणाच्या तरी गच्चीवर पाहुण्यांची पंगत. मुलं वाट्या वाजवत माझ्याभोवती बसायची आणि दर दोन मिनिटांनी ‘झालं का?’ म्हणून विचारायची. मी मुद्दाम थोडा वेळ लावायचो.

मग खोक्यातलं तयार आईस्क्रीम गल्लोगल्ली मिळू लागलं आणि आमची मागणी आटली. सोमाभाऊंनी आम्हाला माळ्यावर टाकलं, तेही अंगावरचं मीठ न धुता. हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. चाकांना गंज चढला, डबा हिरवा पडला, फळ्या वाळून एकमेकींपासून सुटल्या. पुढे दुकान मोडलं आणि दोन हजार चार सालच्या मार्चमध्ये मी नदीकाठच्या, आमच्याकडे म्हणतात तसं गंगेवरच्या, बुधवारच्या बाजारात, गोटीराम नावाच्या जुन्या सामानवाल्यापुढे येऊन पडलो. त्याने माझ्यात विळ्यांच्या मुठी भरून ठेवल्या होत्या. संध्याकाळपर्यंत कोणी नेला नाही तर डबा मोडीत घालायचा आणि फळ्या चुलीत, असं तो शेजाऱ्याला सांगत होता. मला सगळं ऐकू येत होतं.

त्याच सकाळी भाग्यश्री आली. चोवीस वर्षांची ही मुलगी दर बुधवारी सातपूरहून लुनावर यायची, तीही बाजार पुरता मांडून होण्याआधी. जुन्या वस्तू हुडकायच्या, घरी नेऊन वडिलांकडून दुरुस्त करून घ्यायच्या आणि हौशी गिऱ्हाइकांना विकायच्या, हा तिचा उद्योग. वस्तू ती उलटी करून बघे, बोटाने ठोके, चक्क वासही घेई. आणि जी वस्तू मनात भरली असेल तिच्याकडे न बघता शेजारच्या वस्तूचा भाव विचारी. त्या दिवशी तिने दहा मिनिटं एका फुटक्या कंदिलावरून घासाघीस केली. मग जाता जाता आठवल्यासारखं विचारलं, “आणि ही बादली कशी दिली?” तिचं बोट मात्र माझा काठ सोडत नव्हतं. ते फक्त मला कळलं. मित्रांनो, आनंदाने मी तिथेच उड्या मारल्या असत्या, पण मला पाय नाहीत.

घरी तिचे वडील देवराम यांनी मला बघितलं. सव्वीस वर्षं ते एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला आणि ते घरी बसले. मुलीने पत्र्याच्या शेडमध्ये हा उद्योग मांडला, पण त्यावर घर चालेल असं शेजारीपाजारी कुणालाच वाटत नव्हतं. एक जूनपासून एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभं राहायचं, असं देवरामांनी जवळजवळ ठरवलं होतं. भाग्यश्रीला ते मान्य नव्हतं. गंजलेलं कुलूप नुसत्या बोटांनी चाचपून त्याचा बिघाड सांगणारा माणूस दिवसभर गाड्यांचे नंबर लिहिणार होता. तिने एवढंच म्हटलं, “आप्पा, मे संपेपर्यंत थांबा.”

कारण तिला एक गिऱ्हाईक मिळालं होतं. गंगापूर रोडवर महेशशेठ नावाचे एक गृहस्थ बागेतलं हॉटेल काढत होते. झोपाळे, कंदील, तिजोऱ्या, सगळं त्यांना जुनं हवं होतं. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर पॉट चालवून दाखवा, तो पसंत पडला तर हॉटेलचं सगळं काम तुम्हालाच, असं त्यांनी कबूल केलं. म्हणजे देवरामांनी गेटवर जायचं की शेडमध्ये राहायचं, हे आता माझ्यावर होतं. माझी छाती फुगली. खरं म्हणजे दोन दिवस पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवल्यामुळे माझ्या फळ्या फुगून पुन्हा घट्ट बसल्या होत्या, पण छातीही फुगली होती.

देवरामांनी माझं काय काय केलं म्हणून सांगू! घासलेटने गंज काढला, चाकांचे दात एकेक घासले, डब्याला कल्हई करून आणली. बारा दिवस पॉलिश चाललं होतं. आणि तेराव्या दिवशी, साचलेला मळ निघाल्यावर, त्यांच्या नजरेला माझ्या कडेचं छिद्र पडलं. काठापासून चार बोटं खाली, अंगठा जाईल एवढं. त्यांना वाटलं, कुणीतरी भोक पाडून चांगल्या वस्तूचं वाटोळं केलं. त्यांनी सागवानाची खुंटी घडवली, फेव्हिकॉल लावून ठोकली, घासून सपाट केली आणि वर पॉलिश फिरवलं. काम इतकं बेमालूम की नंतर छिद्र मलाही सापडेना. मी आतल्या आत ओरडत होतो. पण मला दातेरी चाकं आहेत, तोंड नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी बागेत ही गर्दी! भाग्यश्रीने आमरस आणि आटवलेलं दूध डब्यात ओतलं. देवराम नवा शर्ट घालून दांडा फिरवू लागले. माझी चाकं अशी सुरेख फिरत होती की लोकांनी जेवणाची ताटं खाली ठेवली. बर्फ वितळत होता, खारं पाणी चढत होतं. ते बाहेर पडण्याची वाट तर बंद. मग ते डब्याच्या झाकणापर्यंत आलं आणि गुपचूप आत शिरलं. मी काहीच करू शकलो नाही.

पहिली वाटी महेशशेठांच्या आईंना, शकुबाईंना दिली. देवळा गावाकडच्या शेतात आयुष्य गेलेली ही म्हातारी. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि वाटी मुलाकडे सरकवली.

“खारट हाये,” त्या म्हणाल्या.

महेशशेठांनी चाखून वाटी खाली ठेवली. माणूस भला, त्यामुळे रागावले नाहीत. “काका, राहू द्या. कोपऱ्यात शोसाठी ठेवू याला,” असं म्हणाले. भाग्यश्रीने मान खाली घातली. शोसाठी ठेवलेल्या वस्तूला मिस्त्री लागत नाही, हे तिला कळत होतं.

शकुबाई मात्र उठल्या. माझ्या काठाखालून त्यांनी गोल हात फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. तरुणपणी त्यांनी कितीतरी वेळा पॉट फिरवला असणार, त्यांच्या बोटांवरूनच मी ओळखलं.

“भाऊ, याचं पाणी जायचं भोक कुठंय?”

देवरामांनी बुजवलेल्या जागेवर अंगठा टेकवला. ‘घेतला तेव्हापासून असाच आहे’ असं त्यांनी म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. खुंटी दिसतच नव्हती.

“मावशी, ते म्याच बुजवलं,” ते म्हणाले. “मला वाटलं, फुटकं हाये. लय मन लावून बुजवलं.”

मग त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून भोक पाडायचं गिरमिट काढलं, स्वतःच लावलेल्या पॉलिशवर टेकवलं आणि पिळायला सुरुवात केली. दुखलं का म्हणाल तर छे, गुदगुल्या झाल्या! खुंटी निघाली आणि खाऱ्या पाण्याची धार थेट महेशशेठांच्या नव्या बुटांवर. पोरं खिदळली. आधी शकुबाई हसल्या म्हणून मग महेशशेठही हसले. डबा धुतला, नवा रस आला, नवी बर्फाची लादी फुटली. या वेळी दांडा फिरवायला रांग लागली. पाऊण तासाने शकुबाईंनी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि पुन्हा पुढे केली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

एक जूनला वॉचमनच्या नोकरीसाठी फोन आला, तेव्हा देवराम हॉटेलच्या एका झोपाळ्याच्या पितळी कड्या घासत होते. “माझे हात भरलेत, तूच सांग,” ते मुलीला म्हणाले. भाग्यश्रीने सांगितलं आणि शेडच्या मागे जाऊन मनसोक्त रडून आली.

त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मी हॉटेलात दर रविवारी चालतो. देवराम आता नवी वस्तू आली की आधी हत्यार उचलत नाहीत. ती वापरलेलं कोणी भेटतं का, ते आधी शोधतात. मित्रांनो, माझं तुमच्याकडे तेवढंच मागणं आहे. घरातली जुनी वस्तू टाकू नका. पण ती नीट करायला बसाल तेव्हा तिच्याबरोबर राबलेल्या माणसाला आधी गाठा आणि तिच्यातलं काय कशासाठी आहे ते विचारून घ्या. आम्हाला बोलता येत नाही, त्यांना येतं. मात्र उशीर करू नका. शकुबाई आता शहात्तर वर्षांच्या आहेत आणि हल्ली रविवारी बागेत यायला त्यांना जमतंच असं नाही. काय विचारायचं असेल ते याच सुट्टीत विचारा.