बेगमचा नाश्ता

माझ्यामुळे कोंबडी बिघडली म्हणे! इथे विलायतेत, माझ्याच गार्डनमध्ये उभी राहून, माझाच चहा पीत, माझी नात नताली हे मला सुनावते! व्हेटकडे नर्स आहे ना, म्हणून.

"आजी, तू बेगमला काय पण देतो. म्हणून ती पेलेट्स, ते दुकानातलं दाणेदार खाद्य, खात नाही. अंड्याचं कवच बघ, किती सॉफ्ट. तिला बॅलन्स्ड डाएट पाहिजे. आणि इथे किचनमधलं कोंबडीला घालायला कायद्याने बंदी आहे, ओके?"

"मी एक दाणा घातला असेल तर शपथ!"

"रविवारपर्यंत खाल्लं नाही, तर मी तिला रीडिंग गावात माझ्या मैत्रिणीकडे, साराकडे नेते. तिकडे वीस कोंबड्या आहेत. त्यांचं बघून बघून खाईल."

वीस परक्या कोंबड्या! त्या म्हातारीला टोचून टोचून मारतील. आणि बेगम म्हणजे कोण? तरुणपणी हिने कोल्ह्याला असं झापलंय, की तो अजून समोरच्या फुटपाथनेच जातो. लाजून.

मग मी पाळत ठेवली. गुन्हेगार सापडला घरातच. आमचे हे, झकेरिया!

आम्ही मुंबईचे बेने इस्राएल. घरात काही चांगलं घडलं की मलिदा करतो: भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वेलची. प्रार्थना म्हणायची, मग खायचं. पण ह्यांना काहीही निमित्त चालतं. ट्रेन वेळेवर आली, मलिदा! आणि हे त्यातलाच मूठभर स्टीलच्या ताटलीत घेऊन गुपचूप बेगमपाशी जाऊन बसतात, प्रार्थना म्हणतात, स्वतः खातात, तिला भरवतात.

"अहो! आणि बोलणी मी खायची?"

"अगं, म्हातारी आहे बिचारी."

"मी काय तरुण आहे? सवय तुम्ही लावली, आता तुम्हीच निस्तरा."

पेलेट्स कोमट पाण्यात भिजवले, अगदी पोह्यांसारखे मऊ. त्याच ताटलीत घातले आणि ह्यांना पावसात स्टुलावर बसवलं. बेगम आली. ताटलीकडे बघितलं. मग ह्यांच्या तोंडाकडे.

"म्हणा की प्रार्थना!"

"कोंबडीच्या खाद्यावर? आणि एकदा म्हटली की खावं लागतं, सॅली. उगाच म्हणता येत नाही."

म्हणून ह्यांनी खिशातून सफरचंदाची फोड काढली, तिच्यावर प्रार्थना म्हटली आणि फोड खाल्ली. बेगमने ताटलीला पाठ फिरवली आणि ह्यांच्या खिशात चोच घातली!

"बरोबर आहे तिचं! स्वतः सफरचंद खायचं आणि तिला भुसा?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रीडिंगचा विचार केला असावा. डोळे मिटले, एक पेलेट उचलला आणि तोंडात टाकला.

बेगमने मान वाकडी केली. ह्यांचं चावणं संपेपर्यंत थांबली. मग अशी तुटून पडली, की ताटलीचा आवाज पार स्लाऊ गावापर्यंत गेला असेल.

रविवारी नताली पिंजरा घेऊन आली. बेगम ताटली चाटूनपुसून साफ करत होती.

"बघितलं आजी? मी सांगितलं होतं, पेलेट्स चांगले असतात!" म्हणाली आणि रिकामा पिंजरा घेऊन निघून गेली. माझी माफी? ती मागायचं नावच नाही!

आता रोज सकाळी आधी हे एक पेलेट खातात, मग बेगम. परवा म्हणतात कसे, "मीठ जरा कमी आहे."

पन्नास वर्षं माझ्या स्वयंपाकाबद्दल एक शब्द बोलला नाही हा माणूस. आणि आता चव कळायला लागली!