मधला गोल

आमच्या मास्तरांच्या चित्रात घर दिसायचं नाही की माणूस दिसायचा नाही. नुसते चौकोन, काळे-करडे, एकमेकांना खेटलेले. मी रेबेका, त्यांची बायको. मला चित्रातलं ओ का ठो कळत नाही, पण तोंड देवानं भरपूर दिलंय. म्हटलं, "अहो, हे काय काढलंय?"

"कापडबाजार."

"मग दुकानं कुठं गेली?"

"दुकानं नाही काढली गं. त्यांच्या मधली जागा काढली. भर दुपारी बाजारात मधोमध उभं राहून बघ. भिंती अंगावर येतात आणि तेवढी एक मोकळी जागा आपल्याला उरते."

ती मोकळी जागा म्हणजे मधला मोठा गोल, पिवळट पांढरा. त्या एका गोलापायी हा माणूस जेवणखाण विसरला होता. शाळेत ड्रॉइंग शिकवून यायचे ते थेट कॅनव्हाससमोर. आता हे चित्र मुंबईच्या प्रदर्शनात लावायला मागितलं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं चित्र मागत होतं. लहान पोरासारखे खूश होते.

चौकट करायला चित्र चांदभाई सुतारांकडं दिलं. दुसऱ्या दिवशी चांदभाई स्वतःच ते सतरंजीत गुंडाळून घेऊन आले. घामानं निथळत होते. आत येऊन आधी दार लावलं आणि म्हणाले, "भाभी, मास्तरांनी किल्ला कशाला काढला?"

मी सतरंजी उलगडून बघितलं. खरंच की! नगरच्या माणसाला गोल दाखवा, तो आपला भुईकोट किल्लाच म्हणणार. त्यात साल बेचाळीसचं. इंग्रज सरकारनं किल्ल्यात काँग्रेसच्या कुठल्या पुढाऱ्यांना आणून कोंडलंय ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण नाव काढायची चोरी. त्या रस्त्यानं कुणी जरा रेंगाळलं तरी शिपाई हटकायचे. अन् आमच्या घरात किल्ल्याचा नकाशा!

"दुकानात चार जणांनी बघितलं," चांदभाई म्हणाले. "त्यातला एक काही न बोलता उठून गेला. जाळून टाका, भाभी."

मी चुलीकडं बघितलं. मास्तर आडवे आले. "हात लावायचा नाही. कुणी विचारलं तर सांगेन, हा कशाचाही नकाशा नाही. नुसता गोल आहे."

"नुसता गोल कुणी काढतं होय?" मी ओरडलेच. "पोलीस ऐकून घेणारेत तुमचं?"

फौजदार आप्पासाहेब त्याच दुपारी आले, दोन शिपाई घेऊन. चित्र खाटेवर पसरलं आणि गोलावर बोट ठेवलं. "हे काय आहे, मास्तर?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मला कळून चुकलं, हा माणूस आता खरं बोलणार आणि खरं बोलून तुरुंगात जाणार. मी मधे पडले.

"साहेब, माझ्या गोधडीचा नमुना हाय तो. ठिगळं कशी लावायची ते मीच काढून मागितलं. मधी गोल, भोवती चौकोन." भीतीनं माझी माहेरची बोली तोंडात आली होती.

फौजदार शांतपणे म्हणाले, "कात्री आणा. नमुना कापूनच ठिगळं बेततात ना? कापा. आम्ही बघतो."

देवा बापा! मी कात्री आणली. मास्तरांकडं बघायची माझी हिंमत नव्हती. ते नुसतं 'थांब' म्हणाले असते तरी सगळं संपलं होतं. कॅनव्हास जाड, त्यावर रंगाचे थर. कात्री चालेना, मी दोन्ही हातांनी दाबून बघितली. एक शिपाई फिसकन हसला. फौजदार पुढं झुकले.

"काय हो बाई, रोजचं काम ना तुमचं?"

तेवढ्यात मास्तर उठले. आता बोलतात, आता बोलतात! पण ते खाटेच्या पलीकडं जाऊन बसले. चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्ही हातांनी त्यांनी कापड ताणून धरलं आणि मला म्हणाले, "आधी गोल काढून घे. मग चौकोन सोपे जातील."

मी कापत गेले. शेवटचा चौकोन सुटेपर्यंत त्यांनी कापड सोडलं नाही.