उलटा वाडगा

आत्याचं नाश्त्याचं दुकान आहे, आणि आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. मी शाळा सोडली तेव्हा आई रडली, आणि आत्या म्हणाली, "रविवारी दुकान बंद असतं. मी येते, मला स्मूदी बोल करून खाऊ घाल. जमलं तर दुकानात घेते. नाही तर सोमवारी गुपचूप दप्तर उचलायचं."

वर हेही म्हणाली, "हात बरा आहे गं तुझा. डोक्याचं काय करायचं? गिऱ्हाईक एक बोललं की त्याच्या अंगावर जाशील."

"मी कधी कुणाच्या अंगावर जाते?" मी ओरडले.

"हं," आत्या म्हणाली.

रविवारी सकाळी ती येऊन बसली. स्मूदी बोल म्हणजे गोठवलेली फळं वाटून केलेला, चमच्याने खायचा घट्ट वाडगा. फ्रीझरमधली केळी आणि अननस दगड झाले होते. ग्रीन टी करून मी पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवलं. बाबा गवंडी. आठवडाभर प्लास्टर केलं की रविवारी त्यांना फक्त जीभ चालवायची असते.

"हा चहा फळांवर ओतायचा? फळांना सर्दी झालीय का?"

"बाबा, गप्प बसा."

"अगं, थोडं दूध तरी घाल," आई म्हणाली.

"नको! यात दूध नसतं."

"इंग्रजीत नापास झाली," बाबा आत्याला म्हणाले, "आणि नाश्ता बघ, इंग्रजीत!"

झालं. डोकं सणकलं. चहा चमच्याचमच्याने घालायचा होता, मी अख्खं पातेलं मिक्सरमधल्या फळांवर उपडं केलं.

मिक्सर फिरवून झाकण काढलं तर आत सरबत. तरी वाडग्यात ओतलं आणि वर किवीच्या चकत्या ठेवल्या. एकेक करून सगळ्या बुडाल्या.

आत्याने वाकून बघितलं. "चमचा देतेस की गळ?"

आई तोंडावर पदर धरून हसत होती. माझी कानशिलं तापली. वाडगा सिंकमध्ये आदळणारच होते, तेवढ्यात लक्षात आलं की आत्या वाडग्याकडे बघतच नाहीये. माझ्याकडे बघतेय. अगदी निवांत.

मी वाडगा हळूच खाली ठेवला. "चुकलं. जास्त पातळ झालं. थांबावं लागेल."

"किती?"

"घट्ट होईपर्यंत."

चकत्या बाहेर काढून धुतल्या, सरबत पसरट ताटात ओतून फ्रीझरमध्ये सरकवलं आणि त्याच्याच दारापाशी उभी राहिले. तेवढ्या वेळात बाबांनी काय काय ऐकवलं! "भिंत वाळतेय, कुणी हात लावू नका." मग, "आत्याला पाहुणी म्हणून बोलावलंस की उपास करायला?" मी दात आवळून हसत होते. आत्याने स्वतःच उठून पाव खाल्ला आणि वर माझ्याकडे बघून मान हलवली, बिचारी उपाशी असल्यासारखी.

ताट बाहेर काढलं तर गोठलेला थर चमच्याने निघेना. बाबा उठले, पिशवीतून नवी थापी काढून घासून दिली. "कोरी आहे. सिमेंट बघितलेलं नाही अजून."

मी थर खरवडला, परत मिक्सरला लावला. थेंबभरही चहा घातला नाही. या वेळी पातं घुसमटत फिरलं. वाडगा भरला, चकत्या ठेवल्या. वरच राहिल्या.

"थांब," बाबा म्हणाले. "माल चांगला असेल तर थापी उलटी केली तरी पडत नाही." आणि आत्या काही बोलायच्या आत त्यांनी वाडगा तिच्या डोक्यावर उलटा धरला.

"दादा!" आत्या किंचाळली.

काही पडलं नाही. म्हणजे किवीची एकच चकती पडली, आत्याच्या केसांत. आता मात्र मला हसू आवरेना.

आत्याने चकती काढून तोंडात टाकली. वाडगा ओढला, एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला. तोंड वाकडं केलं.

"कडू आहे. चहाची पानं पाण्यात फार वेळ ठेवलीस. उद्या लवकर काढ."

"उद्या?"

"मग काय, पहिल्याच दिवशी सुट्टी घेतेस?" आत्या म्हणाली आणि तिसरा चमचा भरला. "आणि तुझ्या बापाला दुकानात पाऊल ठेवू देऊ नकोस."