उजवी कड

...पिशवीतलं ते निळं, पाणीही नव्हे आणि बर्फही नव्हे. बोटानं दाबलं की आत काहीतरी सावकाश सरकायचं आणि पुन्हा जागेवर यायचं — फ्रीजरमधून काढल्यापासून सत्यवती तेवढंच करत ओट्याशी उभी होती. पिशवीभोवती पंचा गुंडाळायचा, ती उजव्या कडेवर ठेवायची, वरून रुंद पट्टा बांधायचा आणि डाव्या कुशीवर पडून राहायचं. पंधरा-वीस मिनिटं. नुसतं पडून. भर सकाळी, कुकर अजून लावायचा असताना...

आणि गार कशाला? दुखण्याला शेक द्यायचा असतो. आईच्या गुडघ्यांना तिनं विटेचा शेक दिला होता; लग्न होऊन काचीगुड्याला आल्यावर सासूबाईंच्या पाठीला मिठाच्या पुरचुंडीचा; आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर नवऱ्याच्या, भगवंतरावांच्या आखडलेल्या खांद्याला गेली दोन वर्षं रबरी पिशवीचा. स्वतःलाही तिनं तोच दिला — कंबरेला. कारण ती कंबरच म्हणत होती. पुण्याहून लेकीचा, स्वातीचा फोन आला की, "कंबर धरलीय गं जरा, बाकी काही नाही." शेकून शेकून ठणका वाढतच गेला, तरी कंबरच.

काल प्रियदर्शिनी भगवंतरावांचे व्यायाम आटोपून निघाली आणि चपला घालता घालता थांबली. ही तेलुगू मुलगी आठवड्यातून दोनदा येते, फिजिओथेरपिस्ट. "अम्मा, लंगड़ा रहे आप. एक उंगली से बताओ, किधर दुखता?"

आणि सत्यवतीचं बोट कंबरेवर गेलंच नाही. ते खाली आलं, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, जिथं हाड वर येतं तिथं — जणू बोटाला आधीपासून ठाऊक होतं. त्या कुशीवर झोपता येतं? नाही. जिना चढताना? बराच वेळ बसून उठताना? प्रत्येक प्रश्नाला मान हलवताना तिला चोरी पकडल्यासारखं वाटत होतं. प्रियदर्शिनीनं तिथं अंगठा टेकवला मात्र, डोळ्यांत पाणी आलं. आतला सांधा ठीक वाटतो, ती म्हणाली, पण हाडावरची गादी सुजलीय. सुजेवर शेक नको. गार लावा, पट्टा बांधा, मुंग्या आल्या तर सैल करा, बांधून झोपू नका. नाहीच उतरलं तर हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि शेवटी, अगदी सहज, "अंकल को उठाना बंद. आदमी रखो."

आदमी रखो...

ती कॉटवर आडवी झाली. पट्टा ओढून बांधला. पंच्यातून गारवा आधी आलाच नाही, मग एकदम चावला, आणि चावता चावता खोल उतरू लागला.

परक्याचा हात त्यांना चालत नाही. हे वाक्य तिनं स्वातीला ऐकवलं होतं, शेजारच्या सुनीताबाईंना ऐकवलं होतं. म्हणून रोज तीच. त्यांचा हात आपल्या मानेवरून घ्यायचा, सगळा भार उजव्या कडेवर पेलायचा आणि वळून खुर्चीत ठेवायचं. दवाखान्यातल्या नर्सनं दाखवलेली रीत निराळी होती. पण कडेनं आपली जुनीच काढली. स्वाती तिथंच बसायची, तीन वर्षांची होईपर्यंत. नळाला पाणी नसलं की खालून भरलेली घागरही तिथंच... ओझं आलं की कड आपोआप बाहेर यायची. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

पण — दवाखान्यात असताना एक वॉर्डबॉय त्यांची दाढी करायचा. तो काहीतरी दखनीत सांगायचा आणि भगवंतराव अर्ध्या तोंडानं हसायचे. हे तिनं पाहिलं होतं. दारात पेज घेऊन उभी राहून पाहिलं होतं, आणि घरी येताना तेवढं मागे ठेवून आली होती.

म्हणजे, चालत नाही — कुणाला?

गारव्यानं आता बोचणं सोडलं होतं. ती जागा हळूहळू तिची राहिली नव्हती. राहिला होता तो पट्ट्याचा दाब. घट्ट, सारखा, न मागता. कुणीतरी तळहातानं धरून ठेवावं तसा. तिथं असं कुणी कधी धरलं होतं? तिला आठवेना. आणि आठवत नाही याचं दुःख होण्याऐवजी पडून राहावंसं वाटू लागलं, उद्याही, परवाही... सूज उतरू नये असं क्षणभर वाटून गेलं आणि ती दचकली.

"स...त्या."

आतल्या खोलीतून. खुर्चीत बसायची वेळ झाली होती. तिचा डावा हात सवयीनं कॉटच्या कडेला गेला, टेकलाही.

"थांबा जरा," ती म्हणाली.

आवाज तिच्याच कानांना अनोळखी वाटला. रस्त्यावरून बस गेली, तावदान थरथरलं, थांबलं.

"का?" हा शब्द मात्र अख्खा आला.

"माझी कड दुखतेय." कंबर नाही. "पट्टा बांधून पडलेय."

आता अपराध्यासारखं वाटेल म्हणून ती वाट पाहत राहिली. आत त्यांचा श्वास ऐकू येत होता. एखादा शब्द जमवायचा असला की तो असा आधी जड व्हायचा. ती पुढचा शब्द त्यांच्या तोंडात द्यायची, नेहमी. आज दिला नाही.

"कधी... कधी... पासून?"

महिना झाला, असं तिच्या ओठांवर आलं. पण ते तिथंच अडलं, कारण ते खरं नव्हतं. आणि खरं काय ते तिला स्वतःलाही कुणी कधी विचारलं नव्हतं. ती मागे मागे जाऊ लागली — झटक्याच्याही मागे, स्वातीच्या जन्माच्याही... भिंतीपलीकडे ते थांबले होते. त्यांना उत्तर हवं होतं, आणि ते सापडेपर्यंत त्यांना थांबवून ठेवायची आपल्याला भीती वाटत नाहीये, हे ती थोड्याशा भीतीनंच पाहत राहिली.