मोरपंखी गाडीतली मंडळी

आश्विनातल्या उन्हानं तापलेल्या पत्र्यावर सपाट तळहाताच्या दोन थापा पडाव्यात आणि तो नाद अंगणभर घुमून पुन्हा पत्र्यातच विरावा, म्हणजे आमचे हे. नाव विचारू नका. जन्मभर उखाण्याखेरीज ते घेतलं नाही, आता काय घेणार! गुळाच्या ढेपा भरून गाडी गगनबावड्याच्या वाटेला लागायची, तेव्हा हे आधी दारावर दोन थापा मारत, एखाद्या स्वारानं घोड्याची मान थोपटावी तशा. शब्द मोजके, हात मात्र अखंड बोलका. वळणावर बाहेर झेपावणारा, उतारावर गिअरच्या दांड्यावर विसावणारा, आणि मला उंच पायरीवरून वर घेताना मनगटाला क्षणभर उगाच जास्त धरून ठेवणारा.

त्यांच्या शेजारी बसलेली ती एकोणीस वर्षांची पोरगी, म्हणजे तेव्हाची मी, तेवढी पाहण्यासारखी होती. मास्तरांची लेक, तेव्हा नाक त्या नाकाड्या ट्रकच्या बॉनेटच्याही पुढे. अबोलीचा गजरा, हातात कडक इस्त्रीचा रुमाल, नजर क्षितिजावर, आणि पोटात डिझेलच्या वासानं उठलेला कल्लोळ. 'मला किंचित मळमळते आहे,' असं शुद्ध भाषेत कळवून मग ओकणारी ती त्या घाटातली बहुधा पहिलीच बाई. हे गाडी थांबवत, तांब्या पुढे करत, आणि दरीकडे तोंड करून खांदे गदगदा हलवत हसत. ती समजे, बिचारे काळजीनं थरथरताहेत!

स्मृती विझते तेव्हा धूर निघत नाही. आधी नातवंडांची नावं गेली, मग थोरल्या धनाजीचं, आणि एका सकाळी माझ्या हातून चहाची बशी घेत हे अदबीनं म्हणाले, "पावणं, आमची मंडळी दिसल्या का वो कुठं?"

वाटेवरच्या कुणाही अनोळख्याला आम्ही कोल्हापूरकर पावणं म्हणतो. शब्दात गूळ आहे, आदर आहे, वाटेत विसावा देण्याची तयारी आहे. पण ज्या चुलीवरचा चहा आपण स्वतः उकळला, तिच्यासमोरच तो शब्द ऐकावा लागला, की घशाखाली उतरत नाही.

मी धीर एकवटून विचारलं, "कशा दिसतात मंडळी?"

"गोऱ्या हाईत. नाक जरा वर असतंय. मोरपंखी गाडीत बसल्यात." मग कुजबुजून, "वाट बघून रडतील वो."

तेव्हापासून रोज हे तिला शोधतात. उंबऱ्यापर्यंत जातात, तळहात उंचावतात, थाप मारायला पत्रा सापडत नाही म्हणून हवेतच थांबतात. सवत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या. स्वतःच्याच एकोणिसाव्या वर्षाचं काय धरावं?

गाडी घरामागच्या परड्यात उभी होती, केशरी आणि गंजलेली. खंडेनवमी जवळ आली की हे तिच्यावर रंगाचा नवा हात चढवत. केशरीखाली हिरवा, हिरव्याखाली मेंदी, आणि सगळ्यांच्या तळाशी, लग्नाच्या वर्षीचा मोरपंखी. मी हटून बसले. वरचे सगळे दसरे उतरवायचे, मोरपंखी उघडा करायचा आणि ह्यांना त्याच्यापुढे उभं करायचं.

धनाजी म्हणाला, "आई, रंग काढून माणूस परत येतंय व्हय?"

"तू गाडी उचल. अक्कल मी आणते."

कागलच्या एमआयडीसीतल्या एका शेडच्या उघड्या आवारात, गंजावर वाळूचा मारा करणाऱ्या मिस्त्रीनं माझी अक्कल ऐकली आणि डोक्यावरचा टोप काढला. "आज्जी, ही काय कांद्याची साल न्हवं. वाळू सुटली की थेट लोखंड. मधलाच रंग कसा राखू?"

जन्म कांदे चिरण्यात गेला, म्हणून जगात सगळ्याचेच पापुद्रे निघतात असं मी धरून चालले होते! एकोणिसाव्या वर्षीची ती अर्धवट अजून माझ्यातच नांदत होती तर. पण आता परत कुठे जाणार? मी सरळ वाकले. "पाया पडते बाबा."

"आवं, काय करताय!" तो दोन पावलं मागं सरला. "दारावर लांबनं मारून बघतो. टीचभर. घावला तर घावला."

कॉम्प्रेसर धडधडू लागला. शेकडो नागांनी एकदम फूत्कार टाकावा तशी नळी फुसफुसली. धुळीच्या पडद्याआड केशरी गेलं, हिरवं गेलं. पल्याडच्या खुर्चीत हे कानांवर हात ठेवून बसले होते, आणि मी पदराचं टोक चावत होते. मग सगळं एकदम शांत झालं.

दारावर मधोमध उघडं पांढरट लोखंड. मोरपंखी तिथून केव्हाच उडून गेला होता. पण कडेला, जिथे वाळूचा जोर ओसरला होता, तिथे रंगांची कडी उरली होती: तांबडं अस्तर, त्याभोवती मोरपंखी, मग मेंदी, हिरवं, केशरी. जणू मोरपिसाचा डोळा त्या पत्र्यात उघडून आमच्याकडे टक लावून पाहत होता.

मी ह्यांना हात धरून आणलं. ते बघत राहिले. बोट त्या निळ्या-हिरव्या कड्यावरून गोल फिरलं. तळहात वर गेला, आणि दोन थापा पडल्या. तोच नाद.

"हीच की! हीच आमची गाडी!"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी निलाजरीनं पदर नीटनेटका केला आणि नाकसुद्धा वर केलं. खूप वेळ पाहिलं त्यांनी, फार मायेनं.

"पावणं, जरा सरका की. मंडळी चढायच्यात."

मी सरकले. त्यांनी दार उघडलं, पायरीपाशी हात पुढे केला, आणि रिकाम्या हवेचं मनगट क्षणभर उगाच जास्त धरून ठेवलं.

"आज्जी, फुडं मारू न्हवं?" मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "उघडं लोखंड असंच ऱ्हायलं तर सकाळपातूर परत गंज धरंल."

"थांब जरा," मी म्हटलं. "तिला नीट बसू दे. मळमळतं तिला."

माणूस गेलं की जागा रिकामी उरते, असं आजवर समजत होते. इथे तर जागा भरलेली होती, अबोलीच्या गजऱ्यासकट, आणि तिच्या बाहेर, आश्विनाच्या उन्हात, त्यांच्या आठवणीतून उतरलेली मी तेवढी उभी होते.